‘बुद्धि मंद’ : एका शेऱ्याची पूर्वपीठिका

१. लेखाचें कारण

गतवर्षीं आमच्या तालुक्यांतील एका बंद पडलेल्या शाळेचें दप्तर रद्दीवाल्याकडे जाण्यापूर्वीं पाहाण्याचा योग आला. जनरल रजिस्टर, हजेरीपट, परीक्षापत्रकें व निरीक्षकांचें शेरेबुक असे एकंदर चार गठ्ठे होते. कसर लागलेलीं तीं पानें चाळीत असतां एका वार्षिक पत्रकांत एका विद्यार्थ्याच्या नांवापुढें ‘बुद्धि मंद, वर चढविण्यास अयोग्य’ असा शेरा आढळला. अक्षर ओळखीचें वाटलें; निरखून पाहिलें तों तें माझेंच होतें. त्या मुलास एका कानानें मुळींच व दुसऱ्यानें फारच अल्प ऐकूं येत असे, ही गोष्ट तो शाळा सोडून गेल्यावर दोन वर्षांनीं त्याच्या मामांनीं मला सांगितली. त्यास कोणी कधीं तपासलें नव्हतें, मींही नाहीं.

पोथ्यांशीं परिचय असलेल्या वाचकांस या प्रमादाची जात नवीन वाटणार नाहीं. पत्रें मागेंपुढें झालेली पोथी हातीं आली म्हणजे घाईचा वाचक ‘पाठ भ्रष्ट’ असें म्हणून ती बाजूस सारतो. पुढें कोणी सावध मनुष्य पत्रांक जुळवितो तेव्हां ग्रंथ शुद्ध असल्याचें दिसून येतें. एका पोथीच्या बाबतींत आपण जी सावधगिरी बाळगतों, तीच मुलाच्या बाबतींत बाळगण्याची रीत सरकारी शाळांतून केव्हां व कशी उत्पन्न झाली, याचा इतिहास येथें थोडक्यांत मांडावयाचा आहे. त्याचें मुख्य स्थान पॅरिस असून आरंभ इ. स. १९०४ मधील आहे.

२. शब्द व जुनी समजूत

‘मंद’ शब्दाचा मूळ अर्थ ‘सावकाश चालणारा’ असा आहे. ज्योतिषांत शनीस हेंच नांव असून त्याचें कारण त्याची गति होय. तो आपली प्रदक्षिणा सुमारें साडेएकोणतीस वर्षांनीं पुरी करितो, पण पुरी करितो. पंचतंत्राच्या कथामुखांत अमरशक्ति राजाचे तीन पुत्र विद्येस विमुख म्हणून वर्णिले आहेत. विष्णुशर्मा त्यांस सहा महिन्यांत शहाणे करण्याची प्रतिज्ञा करितो व ती शिकविण्याची पद्धति बदलून खरी करून दाखवितो. तथापि ही सोय राजपुत्रांची. गांवच्या पंतोजीच्या शाळेंत ज्या मुलास येत नसे तें घरीं राहात असे, आणि तें कां राहिलें याची नोंद कोणी ठेवीत नसे.

युरोपांतही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत स्थिति फारशी निराळी नव्हती. इ. स. १८०० मध्यें फ्रान्सच्या अ‍ॅव्हेरॉं प्रांतांत रानांत वाढलेला एक मुलगा सांपडला. पिनेल या विख्यात वैद्यानें तो जन्मतःच बुद्धिहीन असल्याचा अभिप्राय दिला. परंतु पॅरिसच्या मूकबधिर संस्थेंतील तरुण वैद्य इतार यानें त्यास हातीं घेऊन कित्येक वर्षें शिकविलें आणि इ. स. १८०१ व १८०६ मध्यें दोन वृत्तांत लिहिले. व्हिक्टर या नांवानें प्रसिद्ध झालेला हा मुलगा बोलावयास शिकला नाहीं. कांहीं लिहिलेले शब्द मात्र ओळखूं लागला. इतारचा शिष्य सेगँ यानें इ. स. १८४६ मध्यें अशा मुलांच्या शिक्षणावर मोठा ग्रंथ लिहिला व पुढें तो अमेरिकेंत गेला. पण हे सर्व प्रयत्न संस्थांच्या भिंतींआड राहिले. सामान्य शाळेशीं त्यांचा संबंध नव्हता.

३. सक्तीच्या शिक्षणानें उपस्थित केलेला प्रश्न

हा संबंध सक्तीच्या शिक्षणानें जोडला. ता. २८ मार्च १८८२ च्या फ्रेंच कायद्यानें ६ ते १३ वर्षांच्या सर्व मुलांस शिक्षण सक्तीचें झालें. जें मूल पूर्वीं घरीं राहात असे तें आतां बांकावर येऊन बसलें, वर्षानुवर्षें त्याच वर्गांत राहूं लागलें, आणि शिक्षकाच्या दृष्टीस रोज पडूं लागलें.

आपल्याकडे हाच क्रम थोडा उशिरां आला. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं इ. स. १८९३ मध्यें अमरेली महालांत सक्तीचा प्रयोग करून १९०६ मध्यें तो सर्व राज्यास लागू केला. गोखल्यांचें विधेयक १९११ मधील, कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं केलेली सक्ति १९१७ मधील व विठ्ठलभाई पटेल यांचा मुंबई इलाख्यांतील कायदा १९१८ मधील होय. या सर्व प्रयत्नांत ‘मूल शाळेंत आणावें कसें’ हा मोठा प्रश्न होता. ‘आणल्यावर तें शिकत नसेल तर काय’ हा प्रश्न मागें राहिला. फ्रान्सांत तो पुढें आला, याचें श्रेय शिक्षक व विद्वान् यांच्या एका मंडळीस आहे.

४. १९०४ चें मंडळ

बालमानसाच्या अभ्यासासाठीं पॅरिसमध्यें एक स्वतंत्र सभा होती. तींत आल्फ्रेड बीने हा अग्रेसर होता. याचा जन्म इ. स. १८५७ मध्यें नीस येथें झाला. तो प्रथम कायदा शिकला, पुढें ग्रंथालयांत बसून स्वतःच मानसशास्त्र शिकला, आणि १८९४ पासून सॉरबॉन येथील प्रयोगशाळेचा संचालक होता. आपल्या दोन मुलींचें त्यानें वर्षानुवर्षें सूक्ष्म निरीक्षण करून ठेविलें होतें. या सभेनें सरकारकडे लकडा लाविल्यावर १९०४ मध्यें शिक्षणमंत्र्यानें लेऑं बुर्झ्वा याच्या अध्यक्षतेखालीं एक मंडळ नेमिलें. बीने त्याचा सभासद होता.

मंडळाचा एक ठराव फार महत्त्वाचा आहे. मागें पडल्याचा संशय असलेल्या कोणत्याही मुलास शालेय व वैद्यकीय अशी परीक्षा झाल्यावांचून सामान्य शाळेंतून काढून विशेष वर्गांत घालूं नये, असा त्याचा आशय. शेरा मारण्यापूर्वीं पुरावा पाहिजे, हें तत्त्व सरकारी कागदांत येथें स्पष्टपणें उतरलें. परंतु परीक्षा करावयाची कशी, हें ठरावांत नव्हतें. ती उणीव भरून काढण्याचें काम बीनेनें अंगावर घेतलें. तेओदोर सिमों हा तरुण वैद्य त्याचा सहकारी झाला.

५. पडताळणीची रीत

या दोघांनीं आरंभ केला तो आपल्या शास्त्रास शोभेल अशा रीतीनें. एकाच मुलास निरनिराळ्या रुग्णालयांत मिळालेले दाखले त्यांनीं एकापुढें एक ठेविले. थोड्याच दिवसांच्या अंतरानें दिलेल्या या दाखल्यांत एक वैद्य ज्यास एका वर्गांत घालतो त्यास दुसरा दुसऱ्याच वर्गांत घालतो, असें दिसून आलें. पोथ्यांच्या भाषेंत सांगावयाचें तर पाठभेद पुष्कळ निघाले. परंतु कोणता पाठ ग्राह्य हें ठरविण्याचें साधन कोणाजवळ नव्हतें.

म्हणून त्यांनीं तीन साक्षी मागितल्या. पहिली साक्ष शाळेची. मूल ९ वर्षांच्या आंतील असून अभ्यासांत २ वर्षें मागें असेल, किंवा ९ वर्षांच्या वरील असून ३ वर्षें मागें असेल, तर त्याच्याविषयीं संशय धरावा. मात्र तें गैरहजर किती राहिलें, आजारी किती होतें, हें आधीं वजा करावें. या कामीं व्हॅने नांवाच्या एका शाळामास्तरानें वाचन व गणित यांचीं वयोमानाप्रमाणें कोष्टकें तयार केलीं होतीं. दुसरी साक्ष वैद्याची; तींत दृष्टि, श्रवण व शरीरप्रकृति हीं आलीं. तिसरी साक्ष स्वतः मुलाच्या बुद्धीची.

या तिसऱ्या साक्षीसाठीं १९०५ मध्यें त्यांनीं ३० प्रश्नांची चढती श्रेणी प्रसिद्ध केली. पेटलेल्या काडीच्या मागें डोळे फिरविणें हा तींतील पहिला प्रश्न. पुढें चॉकोलेट व लांकडाचा तुकडा यांतील भेद ओळखणें, चित्रांतील वस्तूंचीं नांवें सांगणें, तीन आंकडे ऐकून तसेच म्हणणें, दोन वजनांची तुलना करणें असें करीत करीत शेवटीं अमूर्त शब्दांतील भेद सांगण्यापर्यंत ती जाते. शाळेंत पाठ केलेल्या विद्येचें माप घ्यावयाचें नाहीं, हा कटाक्ष त्यांत होता. १९०८ च्या आवृत्तींत प्रश्न वयाप्रमाणें मांडले गेले. मरणापूर्वीं १९११ मध्यें बीनेनें ती पुन्हां सुधारली.

बीने शिक्षकांसही भोळा समजत नव्हता. त्रास देणाऱ्या मुलास या निमित्तानें वर्गांतून घालविण्याचा मोह कोणास होईल, हें त्यानें जाणलें होतें. आपण मोजतों ती मुलाची आजची स्थिति असून त्याचा प्रारब्धलेख नव्हे, असें त्याचें मत होतें. बुद्धि वाढत नाहीं असें म्हणणारांवर त्यानें १९०९ मधील आपल्या ग्रंथांत कडक टीका केली आहे. त्या ग्रंथांत तो विशेष वर्गांतील व्यायाम वर्णितो. मुलांनीं पुतळ्यासारखें स्तब्ध राहावें. कांठोकांठ भरलेलें पात्र न सांडतां न्यावें. क्षणभर दाखविलेल्या वस्तू आठवून सांगाव्या. लक्ष देण्याची शक्ति आधीं तयार करावयाची आणि मग अक्षरांकडे वळावयाचें, असा त्यांचा हेतु होता.

६. १९०९ चा कायदा

ता. १५ एप्रिल १९०९ रोजीं फ्रान्सांत सरकारी प्राथमिक शाळांस जोडून असे सुधारक वर्ग उघडण्याचा कायदा झाला. प्रवेशाचा निर्णय एकट्या शिक्षकाच्या हातीं ठेविला नाहीं. प्राथमिक शिक्षणाचा निरीक्षक, विशेष शाळेचा मुख्य किंवा शिक्षक, आणि वैद्य अशा तिघांची समिति त्यासाठीं सांगितली आहे. आणि परीक्षेच्या वेळीं मुलाच्या कुटुंबांतील माणसास सदैव बोलवावें असेंही कलम आहे. या शेवटच्या कलमाकडे मी वाचकांचें लक्ष वेधतों. माझ्या हातून झालेला प्रमाद त्या एका कलमानें टळला असता. कारण ऐकूं न येण्याची गोष्ट घरच्या माणसांस ठाऊक होती.

तथापि कायदा ऐच्छिक होता. वर्ग उघडण्याची सक्ति नसल्यामुळें कित्येक वर्षें असे वर्ग फारच थोडे निघाले.

७. साधनाचा विपरीत उपयोग

साधन बीनेचें, पण तें दूरवर गेलें तें त्याच्या इशाऱ्यांवांचून. अमेरिकेंत व्हाइनलँड येथील गॉडर्ड यानें १९०८ मध्यें ही श्रेणी इंग्रजींत आणिली. टर्मन यानें १९१६ मध्यें तिची मोठी सुधारलेली आवृत्ति काढली. गॉडर्डनें बुद्धि ही वंशानें ठरलेली व न बदलणारी वस्तु मानिली. ज्या मोजमापानें मुलास शिकवावयाचें कसें हें समजावयाचें, त्याचाच आधार माणसांस वेगळें काढण्यास घेतला गेला. १९२७ मध्यें त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें मंदबुद्धि ठरविलेल्यांची सक्तीनें वंध्यीकरणाची शस्त्रक्रिया करण्यास संमति दिली, इतक्या थरास ही समजूत गेली. पुढें १९७५ च्या अमेरिकन कायद्यानें प्रत्येक अपंग मुलास सरकारी शाळेंत योग्य व मोफत शिक्षण मिळण्याचा हक्क दिला, प्रत्येक मुलासाठीं स्वतंत्र लेखी योजना सांगितली, आणि कोणत्याही एकाच परीक्षेवरून निर्णय करूं नये असा दंडक घातला. म्हणजे एकाहून अधिक साक्षी घेण्याची जी रीत १९०५ मध्यें सांगितली होती, तिच्याकडे ७० वर्षांनीं परत यावें लागलें.

८. मराठी मुलखांत

हिंदुस्थानांत लाहोर येथील राइस यानें हिंदुस्तानी भाषेंतील श्रेणी १९२९ मध्यें प्रसिद्ध केली. मराठी भाषिकांस अधिक जवळचें काम व्ही. व्ही. कामत यांचें. त्यांनीं कानडी व मराठी बोलणाऱ्या मुलांसाठीं बीनेची श्रेणी नव्यानें बसविली व १९४० मध्यें तिजवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. पॅरिसच्या मुलास परिचित असलेली वस्तु धारवाडकडील मुलास अपरिचित असूं शकते. म्हणून केवळ भाषांतर पुरत नाहीं, प्रत्येक प्रश्न येथील मुलांवर पुन्हां पारखावा लागतो, हें त्या कामाचें मर्म. मुंबईंत बधिरांसाठीं व अंधांसाठीं शाळा याच्या पूर्वींच निघाल्या होत्या. बुद्धीनें मागें पडलेल्या मुलांसाठीं वकील दांपत्यानें १९४४ मध्यें शाळा काढली.

सरकारी शाळेवर हें कर्तव्य कायद्यानें आलें तें बरेंच उशिरां. १९९५ च्या कायद्यानें अपंग मुलास १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाची हमी दिली. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. २०१६ च्या कायद्यानें अपंगत्वाचे २१ प्रकार मानून त्यांत वाचन-लेखनांतील विशिष्ट अडचणींचा समावेश केला, आणि शाळेंत जाणाऱ्या मुलांची दर पांच वर्षांनीं पाहणी करून अशीं मुलें व त्यांच्या गरजा शोधाव्या असें सांगितलें. शिक्षकानें शेरा मारावयाचा नसून शोध घ्यावयाचा आहे, हा या कलमाचा अर्थ मी समजतों.

९. एक विनंती

या इतिहासाचा फ्रेंच भाग आपणांस कळतो, कारण त्या मंडळींनीं कागद जपले. आपल्या शाळांच्या भूतकाळाचा हा भाग मात्र हजेरीपट, परीक्षापत्रकें व शेरेबुकें यांत पडून आहे आणि रोज रद्दींत जात आहे. मोडी रुमाल व ताम्रपट यांसाठीं आपण पायपीट करितों. शाळेचें दप्तर कोणी मागत नाहीं. किती मुलें एकाच इयत्तेंत तीन-तीन वर्षें राहिलीं, त्यांच्या नांवापुढें काय लिहिलें गेलें, कोणत्या मास्तरांनीं त्यांस पुढच्या बांकावर बसविलें, हें सांगणारें दुसरें साधन नाहीं. तरी ज्या वाचकांच्या गांवीं जुनी शाळा बंद पडत असेल, त्यांनीं तिचें दप्तर पाहून ठेवावें व संबंधितांच्या अनुमतीनें रक्षावें. छापतांना मुलांचीं नांवें मात्र गाळावीं. तीं माणसें किंवा त्यांचीं मुलेंबाळें हयात असूं शकतात.

वर सांगितलेले चार गठ्ठे मी संबंधितांच्या परवानगीनें उतरवून घेतले आहेत. माझा शेरा मीं खोडला नाहीं. कागदावर हात चालविणें संशोधकास शोभत नाहीं. त्याच्या बाजूस एक चिठी मात्र लाविली असून ‘मुलास ऐकूं येत नव्हतें, शेरा लिहिणारानें चौकशी केली नाहीं’ एवढें तींत लिहून खालीं तारीख घातली आहे.