देवळाच्या छायेतील शाळा आणि तिचे पंतोजी

आपल्या देवस्थानच्या स्मरणिकांतून देवालयाचा इतिहास, जीर्णोद्धाराची हकिकत, उत्सवांची परंपरा आणि देणगीदारांची नामावली आजवर प्रसिद्ध होत आली आहे, आणि ते यथायोग्यच आहे. परंतु देवालयाच्याच छपराखाली पिढ्यान्पिढ्या चाललेल्या एका कार्याची नोंद क्वचितच झालेली दिसते. ते कार्य म्हणजे गावची मराठी शाळा. तिच्या ऋणाचे स्मरण करावे, एवढाच या अल्प लेखाचा हेतू.

मी राहतो ते तापीकाठचे बुऱ्हाणपूर श्रींच्या पायांपासून फार दूर आहे. तरी आपल्या मुलखाशी त्याचा धागा जुना आहे. हे शहर पेशव्यांनी १७७८ मध्ये शिंद्यांकडे दिले आणि १८६० मध्ये ते इंग्रजी अमलाखाली गेले. शिंद्यांच्या पदरी शेणवी मंडळींचा मोठा भरणा होता. महादजी शिंद्यांचे विख्यात सेनानी जिवबादादा बक्षी हे मूळचे पेडणे महालातील केरीचे. दूरदेशी गेलेल्या आपल्या पूर्वजांपैकी तलवार थोड्यांच्या हाती होती. पुष्कळांची पुंजी म्हणजे वळणदार मोडी अक्षर, चोख जमाखर्च आणि तोंडी हिशेब. ही पुंजी गावच्या पंतोजींनीच बांधून दिलेली होती.

त्या शाळेला स्वतःची इमारत नसे. देवळाचा मंडप, अग्रशाळा किंवा एखाद्या घराची पडवी हीच शाळा. धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवावयाची, मग बाळबोध, मग मोडी. पाढे संपले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. संध्याकाळी परवचा. पुष्कळ ठिकाणी गुरुजींना आदराने ‘शणैमाम’ म्हणत. सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण या बाजूंनीही मास्तर येत. त्यांचे वेतन म्हणजे भात, नारळ आणि पाळीपाळीने घरोघरचे जेवण.

हे कार्य कोणत्या काळात चालले, हेही ध्यानी घेतले पाहिजे. १६८४ मध्ये व्हाइसरॉय काउंट आल्वोर याने हुकूम काढून तीन वर्षांच्या आत लोकांनी कोंकणी टाकून पोर्तुगीज बोलावे असे फर्माविले. पुढे १८५४ मध्ये पणजीत लिसेव स्थापन झाले. सरकारी नोकरीची आणि प्रतिष्ठेची वाट त्यातून जाऊ लागली. अशा स्थितीत मराठी शिक्षणाला राजाश्रयाची फारशी आशा नव्हती. कीर्तन, पुराण, पत्रव्यवहार आणि घरचा हिशेब यांसाठी लागणारी भाषा गावानेच आपल्या खर्चाने टिकविली.

पुढच्या पिढीने या गावशाळेला संस्थेचे रूप दिले. पणजीची मुष्टिफंड संस्था १९०८ ची. घरोघर रोज बाजूला काढलेल्या मूठभर तांदळावर ती उभी राहिली, हे तिच्या नावातच आहे. ५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले आणि हिंदूंना नागरिकत्वाच्या समान हक्कांची वाट मोकळी झाली. १९११ मध्ये वैद्यराज दादा वैद्य आणि सीताराम केरकर यांच्या पुढाकाराने फोंड्यास गोवा विद्याप्रसारक मंडळ स्थापन झाले, तर १९१२ मध्ये मडगावी गोमंत विद्या निकेतन. लक्ष्मणराव सरदेसाई व बा. भ. बोरकर हे आपले थोर साहित्यिकही शिक्षकच होते.

गावच्या तुटपुंज्या शिक्षणाची पोच किती असू शकते, याचे उदाहरण म्हणजे १८७६ मध्ये साखवाळ येथे जन्मलेले धर्मानंद कोसंबी. मराठी वाचता येत होते म्हणून ‘बालबोधमेवा’ मासिकातील बुद्धचरित्र त्यांच्या हाती लागले. त्या ओढीने ते नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश करीत थेट अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठापर्यंत पोहोचले.

मात्र एक गोष्ट प्रांजळपणे कबूल केली पाहिजे. देवळाच्या मंडपातील ही शाळा सर्वांची नव्हती. ज्यांना देवळाची पायरी चढण्याची मुभा नव्हती, त्यांच्या मुलांना तेथील धूळपाटीही नव्हती. मुलींनाही ती फार उशिरा मिळाली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि १९६३ मध्ये मुख्यमंत्री झालेल्या भाऊसाहेब बांदोडकरांच्या कारकिर्दीत खेडोपाडी सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या, तेव्हा ती उणीव भरून निघू लागली. अग्रशाळेतली शाळा हळूहळू बंद पडली. ते योग्यच झाले. पण त्याबरोबर तिचे मास्तरही विस्मरणात गेले.

आमच्या घरी आजोबांच्या वेळची एक मोडी कीर्द आहे. घरात आता ती कोणास वाचता येत नाही. मी अक्षरे जुळवीत काही पाने वाचली. तेल, वाती, नैवेद्य यांच्या खर्चाखाली एक ओळ सापडली : ‘पंतोजीस भात’. माप लिहिले आहे, तिथी लिहिली आहे. नाव मात्र नाही. ज्याने ते अक्षर शिकविले, त्याचेच नाव त्या अक्षरात उतरले नाही, हे वाचून मन खिन्न झाले.

पोर्तुगीज सरकारच्या १८८६ च्या आणि नंतर १९३३ च्या नियमांमुळे आपल्या महाजनकीचे व्यवहार कायद्याच्या चौकटीत आले आणि महाजनांची नावे रीतसर नोंदली जाऊ लागली. मास्तरांच्या नावांची वही मात्र कोणी ठेवली नाही. ती आता आपण ठेवावी. प्रत्येक महाजन कुटुंबाने घरच्या कीर्दी, जुनी पत्रे व वडीलधाऱ्यांच्या आठवणी धुंडाळून सापडतील ती नावे देवस्थान समितीकडे कळवावीत, आणि जेथे देणगीदारांची फरशी आहे तेथेच शेजारी या शिक्षकांच्या नावांचीही एक फरशी बसवावी, अशी माझी सविनय सूचना आहे. ज्यांची नावे सापडणार नाहीत, त्यांच्यासाठी त्या फरशीवर शेवटची एक ओळ राखून ठेवावी.

श्रींच्या चरणी हीच प्रार्थना.