मांडवाच्या कडेचा साक्षीदार

कोल्हापूरच्या सामाजिक इतिहासात लग्न हा विषय वारंवार येतो आणि बहुतेक वेळा एकाच प्रश्नाच्या अंगाने येतो: मंत्र कोणी म्हणावेत आणि कोणते म्हणावेत? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पंचगंगेच्या घाटावर पेटलेले वेदोक्त प्रकरण, ११ जानेवारी १९११ रोजी कोल्हापुरात स्थापन झालेला सत्यशोधक समाज, ब्राह्मणेतर पुरोहित तयार करण्यासाठी शाहू महाराजांनी १९२० मध्ये काढलेली वैदिक पाठशाळा, ह्या साऱ्या टप्प्यांवर आपल्याकडे विपुल लेखन झाले आहे. ते व्हायलाच हवे होते. मात्र त्याच मांडवात पुरोहिताइतकाच आवश्यक असा आणखी एक माणूस उभा असतो. तो म्हणजे वाजवणारा. लग्नात वाजवावे कोणी, कोठे उभे राहून वाजवावे आणि त्याबद्दल त्याला काय मिळावे, ह्या प्रश्नांचा इतिहास आपण फारसा विचारलेला नाही. आजचा लग्नातला डीजे हा त्या वाजवणाऱ्याचा थेट वारस आहे, आणि त्याच्या आठवणी हे आपल्या विवाहसंस्थेच्या इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन आहे, असे आम्हांस वाटते. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

वाजंत्री ही गावगाड्यात कला म्हणून कमी आणि कर्तव्य म्हणून अधिक ओळखली जाई. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) ह्या ग्रंथात हक्क आणि सेवा यांची जी वीण दिसते, तिच्यात सूर आणि तालही जातवार वाटलेले होते. हलगी बहुधा मांगांकडे; सनई काही ठिकाणी गुरवांकडे, तर दक्षिण महाराष्ट्रात अनेक ठिकाणी कोरव्यांकडे. लग्नघरच्या वाजंत्र्याला सुपारी मिळे, शिधा मिळे, क्वचित पागोटेही मिळे. पण पंगतीत पान मिळे ते सगळ्यांचे झाल्यावर आणि मांडवाच्या बाहेर. ज्याच्या वाद्याच्या नादावाचून मुहूर्ताला शोभा नाही, त्याचा स्पर्श मात्र अशुभ! ही विसंगती दलित आत्मकथनांनी आपल्यापुढे उघडी केली. दया पवारांच्या 'बलुतं'चे (१९७८) शीर्षकच ह्या व्यवस्थेचे नाव आहे. आंबेडकरी चळवळीत गावकीची कामे नाकारण्याची हाक उठली, तेव्हा अनेक गावांत वाजवण्याचे कामही नाकारले गेले. कोल्हापूर संस्थानात महार वतने १९१८ मध्येच रद्द झाली होती. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा १९५८ चा. म्हणजे ज्या काळात लग्नातून जुनी वाजंत्री 'नाहीशी' झाल्याचा खेद शहरी लेखक करीत होते, त्याच काळात ती वाजवणाऱ्यांपैकी काहींनी ती जाणीवपूर्वक खाली ठेवली होती. परंपरेच्या ऱ्हासाबद्दल हळहळताना हे विसरून चालणार नाही.

कोल्हापुरात हलगी संपली मात्र नाही. तिला खासबागेच्या आखाड्याने आणि मिरवणुकांनी दुसरे आयुष्य दिले. हलगी, घुमकं आणि कैताळ यांचा मेळ कुस्तीच्या मैदानात आजही लागतो. लग्नाच्या वरातीत मात्र तिच्या जागी आधी पितळी बँड आला, मग बेंजो आला. बँडवाल्याने अंगावर गणवेश चढवला. त्या गणवेशाने त्याची जात निदान वरातीपुरती झाकली गेली. न्यूझीलंडमधील संगीत-अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी भारतीय लग्नबँडवाल्यांच्या कहाण्या 'ब्रास बाजा' (२००५) ह्या ग्रंथात गोळा केल्या आहेत. आपल्या दाराशी वाजणाऱ्या माणसाला प्रश्न विचारायला इतक्या दुरून कोणी यावे, हे आपल्या विद्यापीठीय जगाला विचार करायला लावणारे आहे. भाषेने मात्र ह्या वादकांची नोंद आपल्या पद्धतीने ठेवली. 'सनई-चौघडे वाजले' म्हणजे लग्न ठरले. 'बँड वाजला' म्हणजे फजिती झाली. आणि एखाद्याची 'वरात निघाली' म्हणजे तर बोलायलाच नको. मंगल अर्थ जुन्या वाद्याकडे राहिला आणि चेष्टा नव्याच्या वाट्याला आली.

हा क्रम केवळ वाद्यांचा नाही, तो चित्रपटाचाही आहे. आणि येथे कोल्हापूरचा संबंध अधिक जवळचा. मराठीतला पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' (१९३२) प्रभात फिल्म कंपनीने कोल्हापुरातच निर्माण केला. प्रभात पुण्याला गेली ती १९३३ मध्ये. मराठी चित्रपटाला ज्या शहरात कंठ फुटला, त्याच शहराच्या लग्नांत पुढे चित्रपटगीत हेच मंगलवाद्य झाले. वरातीत ज्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या माणसे जमिनीवर लोळून नाचली, त्या 'नागिन' (१९५४) चित्रपटातील पुंगीचा प्रसिद्ध सूर मुळात पुंगीचा नव्हताच. तो कल्याणजींनी क्लॅव्हायोलिन ह्या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर काढलेला होता. बँडवाल्यांनी तो पितळी वाद्यांवर उतरवला. तेव्हा 'खरी वाद्ये गेली आणि यंत्र आले' अशी सरळ रेघ ओढणाऱ्यांनी थोडे थांबावे. यंत्र वरातीत फार आधी शिरलेले होते.

नंतर आली डॉल्बी. कोल्हापूरकर ध्वनिवर्धकांच्या भिंतीला 'डीजे' क्वचितच म्हणतो. तो म्हणतो 'डॉल्बी'. शब्दांच्या प्रवासात रस असणाऱ्यांनी ह्या शब्दापाशी जरूर थांबावे. रे डॉल्बी ह्या अमेरिकी अभियंत्याने १९६५ मध्ये लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा स्थापन केली, ती ध्वनिमुद्रणातील खरखर कमी करण्यासाठी. गोंगाट घटवणाऱ्या तंत्राचे हे नाव बहुधा चित्रपटगृहांच्या पाट्यांवरून आमच्याकडे उतरले आणि गोंगाटाचेच नाव होऊन बसले. पुढे 'डॉल्बीमुक्त' असे विशेषणही जन्माला आले व पोलिसांच्या आवाहनांत रुळले. अर्थाची इतकी संपूर्ण कोलांटउडी मराठीतल्या फार थोड्या आगंतुक शब्दांच्या वाट्याला आली असेल.

डॉल्बीने जे दुसरे घडवले त्याकडे मात्र लक्ष गेले नाही. लग्नात वाजवण्याचे काम प्रथमच जन्माने न मिळता भांडवलाने मिळू लागले. कर्ज काढून बेस, टॉप, मिक्सर, जनरेटर घ्यायचा, टेम्पो भाड्याने लावायचा आणि पेठेत आपले नाव करायचे, हे कोणत्याही जातीच्या तरुणाला शक्य झाले. त्याला कोणी वाजंत्री म्हणत नाही आणि त्याचे पान मांडवाबाहेर पडत नाही. हा बदल लहान नव्हे. तरीही त्याची जागा पाहावी: सभागृहाच्या एका कोपऱ्यात, टेबलामागे, छायाचित्रकाराच्या चौकटीबाहेर. लग्नाच्या अल्बममध्ये आचाऱ्याच्या जिलब्या दिसतात. डीजे दिसत नाही. पु. ल. देशपांड्यांनी 'व्यक्ती आणि वल्ली'मध्ये (१९६२) दुसऱ्याच्या लग्नात राबणारा नारायण अमर केला. तो घरचा होता म्हणून त्याला लेखक मिळाला. हा बाहेरचा आहे, रोज वेगळ्या घरचे लग्न पाहतो आणि दुसऱ्या दिवशी विसरला जातो.

हा माणूस काय पाहतो? ह्या व्यवसायातील माणसे बोलू लागली की एक गोष्ट ध्यानात येते: त्यांना जोडप्यांची नावे आठवत नाहीत, गाणी आठवतात. अमक्या गाण्यावर आजीला हात धरून मध्ये आणले ते लग्न. तमक्या गाण्यावरून दोन्हीकडच्या पोरांत जुंपली ते लग्न. फर्माईश कोणाकडून येते, कोणाची आधी लागते आणि कोणाची 'लावतो, लावतो' म्हणत टाळली जाते, ह्यात मानपानाचा अख्खा हिशेब असतो. पूर्वी तो आहेरावरून आणि पंगतीतल्या पाटावरून चाले. आता गाण्यांच्या क्रमावरून चालतो. मुलीकडच्यांनी काही मागू नये असा अलिखित दंडक डीजेला न सांगता कळतो, आणि तो कधी मोडला तेही त्याला नेमके ठाऊक असते. बायका नाचू लागल्या ही घटना कोणत्या घरात कधी घडली, आधी करवल्या, मग वहिन्या, मग थेट वरमाय, हा क्रम त्याने कोपऱ्यातून पाहिलेला असतो. 'हम आपके हैं कौन' (१९९४) आणि 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' (१९९५) ह्या चित्रपटांनी लग्नातल्या नाचाला कौटुंबिक प्रतिष्ठा दिली असे आपण लिहितो. पेठेतल्या कुठल्या घराने ती कधी स्वीकारली, हे मात्र तो सांगू शकेल.

येथे 'रिसेप्शन' ह्या प्रकाराबद्दल दोन शब्द आवश्यक आहेत. पांढरपेशा घरांत पूर्वी 'पानसुपारी' असे. पुढे पत्रिकेत 'स्वागत समारंभ' छापले जाऊ लागले. त्यात एकही मंत्र नाही, एकही विधी नाही. म्हणूनच ज्यांच्या लग्नात मंत्र नव्हते त्यांना तो सर्वांत उपयोगी पडला. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस देऊन, कचेरीत सह्या करून लागलेल्या लग्नाला समाजाची नजर मिळते ती ह्याच संध्याकाळी. अशा रिसेप्शनला एका बाजूच्या खुर्च्या रिकाम्या असतात. डीजेला त्या रिकाम्या खुर्च्या समोर दिसत असतात, आणि सभागृहातली शांतता भरून काढायची जबाबदारी त्याच्यावर असते. लवकर येऊन कोपऱ्यात बसलेला मुलीचा एखादा मामा अखेरीस उठून नाचणाऱ्यांत येतो, तेव्हा ती घटना कोणत्याही नोंदवहीत जात नाही. ती ज्याने पाहिली तो गाणे बदलत असतो. कायद्याने मात्र ह्या संध्याकाळीला विवाहाचाच भाग मानले आहे. प्रताधिकार कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने जी सवलत आली, तिच्या स्पष्टीकरणात धार्मिक समारंभाच्या अर्थामध्ये विवाहाची मिरवणूक आणि विवाहाशी निगडित इतर सामाजिक समारंभ यांचाही समावेश केला आहे.

आंतरजातीय विवाहाला कायदेशीर मान्यता देणारा कायदा कोल्हापूर संस्थानात १९१९ मध्ये झाला. मराठा व धनगर यांच्यात सोयरिकी व्हाव्यात म्हणून शाहू महाराजांनी इंदूरच्या होळकरांशी संबंध जुळवले. यशवंतराव होळकर आणि कागलच्या घाटगे घराण्यातील कन्येचा विवाह महाराजांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये झाला. शतकभरानंतरच्या कोल्हापुरातील एका रिसेप्शनची कल्पना करावी. पत्रिकेवर दोन्हीकडची आडनावे एकाच जातीची, कुंडली जुळलेली, मानपान ठरलेला. आणि नऊच्या सुमारास सगळ्यांना एकत्र आणणारे गाणे म्हणून डीजे 'सैराट'मधले (२०१६) 'झिंगाट' लावतो. जात ओलांडली म्हणून ज्यात नायक-नायिकेचे गळे चिरले जातात, त्या चित्रपटाचे हे गाणे. त्यावर जी माणसे नाचतात, त्यांतल्या काहींनी आपल्या घरात तसे घडू दिले नसते. कोल्हापूर जिल्हाही अशा हत्यांपासून मुक्त राहिलेला नाही. आम्ही नाचणाऱ्यांवर दांभिकतेचा आरोप करीत नाही. गाणे चित्रपटाच्या शेवटापासून सुटून आले आहे हे खरेच. पण कोणत्या घरात हे गाणे बंद करायला सांगितले गेले, आणि कोणत्या लग्नात ते खरोखरच आपले म्हणून वाजले, ह्याची आठवण फक्त टेबलामागच्या त्या माणसाकडे असू शकते. जातीच्या इतिहासाला ह्याहून सूक्ष्म कागद कोणता मिळणार?

ह्या आठवणींवर एक काळवेळही आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले: निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात रात्रीच्या शांततेचा हक्क ठामपणे मान्य केला. तो रास्त आहे. भिंती थरथरवणाऱ्या आवाजाने म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना जो त्रास होतो त्याचे समर्थन कोणत्याही संस्कृतीच्या नावाने करता येणार नाही. आमचे म्हणणे इतकेच, की आवाज कमी करण्याचा आग्रह धरताना तो आवाज सांभाळणाऱ्या माणसाची साक्षही आपण बंद करून टाकू नये. जुन्या वाजंत्र्याला जातीमुळे कोणी विचारले नाही. ह्याला डेसिबलमुळे कोणी विचारत नाही.

जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण आपल्यापुढे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगाव फिरून सहकाऱ्यांच्या मदतीने एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तोवर जाती बहुतेक घरांतून हद्दपार होत आली होती. त्या ओव्यांत लेकीच्या सासरचे, सोयऱ्याधायऱ्यांचे जे जग सापडले, ते कोणत्याही बखरीत नव्हते. लग्नातल्या गाण्यांच्या याद्याही आधी वहीत, मग कॅसेटच्या वेष्टनावर, सीडीवर, पेनड्राइव्हमध्ये अशा सरकत आल्या आणि प्रत्येक टप्प्यावर मागच्या याद्या पुसल्या गेल्या. मराठी विभागांतील विद्यार्थ्यांनी आपापल्या पेठेतील एका डीजेकडे बसून एका लग्नसराईची नुसती यादी उतरवून घेतली, कोणते गाणे कोणी मागितले, कोणी नाचले, कोणी नाही, तरी पुढच्या अभ्यासकाला ते पुरेसे होईल. दहाला दहा मिनिटे उरली की शेवटचे गाणे कोणते लावायचे हे तो माणूस कोणालाही न विचारता ठरवतो. ते त्याने कसे ठरवले, एवढा एकच प्रश्न आधी विचारावा.