कान फुकट, आवाज विकत

बोललेलं ऐकून लिहून देणारं 'व्हिस्पर' नावाचं सॉफ्टवेअर आज कोणालाही घरच्या संगणकावर बसवता येतं. पायथन असला की एका ओळीची आज्ञा पुरते. पैसे नाहीत, परवानगी नाही, आणि मॉडेल एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटही लागत नाही. पहिल्यांदा बसवणारे बहुधा एकाच जागी अडखळतात: एफएफएमपेग हा ध्वनीच्या फाइली उलगडणारा प्रोग्रॅम वेगळा बसवावा लागतो आणि ती सूचना कोणी वाचलेली नसते. तेवढं सोडलं तर सोपं काम. पण या सोपेपणाची कुळी शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि कुठल्याही जुन्या घराण्यासारखा तिच्यातही मालकीचा तंटा आहे. प्रोग्रॅमवरून तो फारसा झाला नाही. तंटा आहे आवाजांवरून.

मूळपुरुष म्हणून मी आंद्रेई मार्कोव्हकडे बोट दाखवीन. 1913 साली सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत या गणितज्ञाने एक विचित्र मोजणी सादर केली. पुश्किनच्या 'येवगेनी ओनेगिन'मधली 20,000 अक्षरं घेऊन त्याने स्वरामागून व्यंजन किती वेळा येतं, स्वरामागून स्वर किती वेळा, याचा हिशेब मांडला होता. काव्याच्या अर्थाशी त्याला देणंघेणं नव्हतं. आत्ताच्या अक्षरावरून पुढच्याचा अंदाज किती बांधता येतो, एवढंच पाहायचं होतं. पुढे 1960च्या दशकात प्रिन्स्टनमध्ये लेनर्ड बॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा, एका कडीवरून पुढचीचा अंदाज बांधता येणाऱ्या, साखळीचा अवघड प्रश्न सोडवला: साखळी डोळ्यांआड आहे, तिच्या खुणा तेवढ्या हाती आहेत, तर मूळ साखळी ओळखायची कशी? बोलण्याचं नेमकं हेच असतं. बोलणाऱ्याच्या मनातले शब्द दिसत नाहीत, हवेतली कंपनं तेवढी मिळतात.

हे गणित आणि बोलणं यांची गाठ पडायला मात्र वेळ लागला. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये 1952 साली 'ऑड्री' हे यंत्र इंग्रजी आकडे ओळखू लागलं होतं, तेही ओळखीच्या आवाजातले. 1969 साली तिथल्याच जॉन पिअर्स यांनी या साऱ्या संशोधनाची जाहीर हजेरी घेतली आणि बेल लॅब्जमधलं काम काही वर्षं थंडावलं. मग सूत्रं गेली पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाकडे. तिथे होते राज रेड्डी, आंध्रातल्या काटूर गावचे, मद्रासच्या गिंडी कॉलेजातून इंजिनिअर झालेले. तज्ज्ञांचं ज्ञान नियमांत बांधून यंत्राला शिकवावं, या मताचे. त्यांचा विद्यार्थी काय-फू ली मात्र म्हणाला, नियम बाजूला ठेवू, भरपूर आवाज देऊ, आकडेशास्त्र काय ते बघून घेईल. रेड्डींना हे पटलं नाही, तरी त्यांनी पाठिंबा दिला, असं लींनी पुढे सांगितलं आहे. यातून 1988 साली 'स्फिंक्स' उभं राहिलं. अनोळखी माणसाने न थांबता केलेलं बोलणं, सुमारे 1000 शब्दांच्या मर्यादेत, ते ओळखत होतं. गुरूने आपलं मत बाजूला ठेवून शिष्याला मोकळं सोडलं नसतं, तर ही कुळी निराळ्या वाटेने गेली असती, असं मला वाटतं.

2000 साली स्फिंक्सची दुसरी आवृत्ती कोणीही घ्यावी, बदलावी, विकावी अशा परवान्यावर खुली झाली. त्याच वर्षी केंब्रिजचं 'एचटीके'ही फुकट मिळू लागलं. त्याची कथा वेगळी. विद्यापीठात जन्मलेलं हे अवजार एंट्रॉपिक या कंपनीकडे गेलं होतं, ती कंपनी 1999 साली मायक्रोसॉफ्टने घेतली आणि मग ते पुन्हा केंब्रिजच्या हवाली केलं. मात्र अट अशी की उतरवून घ्या, आतलं बदला, पण दुसऱ्याला वाटू नका. शिकणाऱ्याला तेवढं पुरेसं होतं. ज्याला त्यावर काही उभारून लोकांना द्यायचं होतं, त्याचे हात मात्र बांधलेलेच राहिले.

या पिढीतल्या सॉफ्टवेअरचं पोट उघडून पाहिलं तर तीन गोष्टी सापडतात. आवाजाचे सेकंदाच्या शंभराव्या भागागणिक तुकडे पाडून कुठला ध्वनी असावा याचा अंदाज करणारा एक भाग, कुठल्या शब्दात कुठले ध्वनी हे सांगणारा कोश हा दुसरा, आणि कुठल्या शब्दामागून कुठला शब्द येतो हे सांगणारा तिसरा. तिसऱ्यात मार्कोव्ह जसाच्या तसा भेटतो. इंग्रजीसाठी कार्नेगी मेलनने सव्वा लाखाहून जास्त शब्दांचा उच्चारकोश फुकट दिला. मराठीत कोश सोपा वाटतो, कारण आपण बोलतो तसं लिहितो असा आपला समज. पण 'चार' आणि 'चारा' यांतले दोन च वेगळे, हे देवनागरी सांगत नाही. ते कोणीतरी बसून शब्दागणिक नोंदवावं लागतं.

2009 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात उन्हाळी कार्यशाळा भरली. तिच्यातून, आणि पुढच्या वर्षी चेक प्रजासत्ताकातल्या बर्नो इथे जमलेल्या मंडळींमुळे, 'काल्डी' आकाराला आलं. प्रमुख कर्ता डॅन पोवी. काल्डी हे दंतकथेतल्या इथिओपियाच्या शेळीपालाचं नाव. कॉफीचा शोध त्याच्या नावावर जमा आहे. 2011 साली ते अपाची या तशाच मोकळ्या परवान्यावर खुलं झालं आणि काही वर्षांतच जगभरच्या प्रयोगशाळांत पोचलं.

काल्डी बसवणं हा मात्र सोसण्याचा प्रकार होता. आधी एक छोटा प्रोग्रॅम चालवायचा. तो तुमच्या संगणकावर काय काय नाही याची यादी देतो. ती भरून काढली की बाकीची अवजारं बांधायची, मग खुद्द काल्डी, आणि साधा संगणक त्यात तासन्‌तास घुरघुरत बसायचा. शेवटी बसलं की नाही हे पाहायला एक इवलंसं उदाहरण सोबत असतं: एकच माणूस हिब्रूमध्ये 'हो' आणि 'नाही' म्हणतो. 60 ध्वनिफिती, प्रत्येकीत आठ शब्द. निम्म्यांवर शिकायचं, उरलेल्यांवर परीक्षा द्यायची. सगळं जमलं असेल तर शेवटी पडद्यावर चुकांचं प्रमाण शून्य टक्के असं उमटतं. हिब्रूचं अक्षरही न येणाऱ्या किती विद्यार्थ्यांची पहिली ओळख या हो-नाहीशी झाली असेल, देव जाणे.

काल्डीचं खरं देणं मला त्याच्या पाककृतींत दिसतं. त्यांना खरोखरच रेसिपी म्हणतात. अमुक आवाजसंग्रह घ्या, या क्रमाने या आज्ञा चालवा, निकाल एवढा यायला हवा, असं सगळं उघड मांडलेलं. पूर्वी शोधनिबंधात आकडा छापून यायचा आणि तो कसा आला हे ज्या त्या प्रयोगशाळेलाच ठाऊक असायचं. पण पाककृती उघडली की पहिल्याच पायरीला अडायला होई. सुरुवातीच्या कृतींपैकी एक 'वॉल स्ट्रीट जर्नल' मोठ्याने वाचलेल्या आवाजांवर बेतलेली होती आणि ते आवाज पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या भांडाराकडून पैसे मोजून घ्यावे लागत. म्हणजे चूल फुकट, भांडी फुकट, धान्य विकत.

हे कुलूप उघडलं ते पुस्तकं वाचून दाखवणाऱ्या हौशी लोकांनी, आणि तेही नकळत. लिब्रिव्हॉक्स या उपक्रमात 2005पासून स्वयंसेवक स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करत होते. 2015 साली जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने त्यातला सुमारे 1000 तासांचा इंग्रजी आवाज मजकुराशी जुळवून 'लिब्रिस्पीच' म्हणून सर्वांना देऊन टाकला. त्या गटातले संजीव खुदानपूर हे मुंबईच्या आयआयटीचे माजी विद्यार्थी. 2017 साली मोझिलाने 'कॉमन व्हॉइस' सुरू केलं. तिथे लोकांनी मुद्दाम आपला आवाज द्यायचा आणि त्यावर कोणाचाच हक्क राहू द्यायचा नाही, अशी रीत.

सप्टेंबर 2022मध्ये ओपनएआयचं व्हिस्पर आलं आणि तीन भागांचा संसारच मोडला. त्यात कोश नाही, नियम नाहीत. 30 सेकंदांचा आवाज आत, मजकूर बाहेर. इंटरनेटवरून गोळा केलेल्या 6,80,000 तासांच्या ध्वनीवर ते शिकलं. कोड खुला आहे, शिकून तयार झालेलं मॉडेलही खुलं आहे, पण ज्या आवाजांवर ते शिकलं ते कोणाला मिळत नाहीत. काल्डीने पाककृती दिली, धान्य तुम्ही आणा म्हणालं. व्हिस्पर शिजलेलं ताट देतं आणि धान्य कुठलं ते सांगत नाही. मी पहिल्या व्यवहाराला जास्त प्रामाणिक मानतो, जरी रोज वापरतो दुसरंच.

त्या 6,80,000 तासांत लिहून घेतलेल्या हिंदीचे तास होते 12. मराठीचा एक तासही नव्हता. म्हणून बसवल्यावर सर्वांत लहान मॉडेलला मराठी ऐकवू नका, निराश व्हाल. मोठं मॉडेल घ्या, आणि भाषा मराठी आहे हे स्वतः सांगा. नाहीतर ते पहिल्या अर्ध्या मिनिटावरून भाषा ठरवून मोकळं होतं. फितीतल्या लांब शांततेच्या जागा कापून टाका, कारण कोणी बोलत नसतानाही ते कधीकधी वाक्यं रचतं.

मराठी आवाजांची बेगमी आपल्याकडेही झालेली आहे. शेतमालाचे भाव फोनवर बोलून विचारता यावेत म्हणून सहा भारतीय भाषांत एक सरकारी प्रकल्प झाला. त्यातली मराठी मुंबईच्या आयआयटीकडे होती आणि त्यासाठी महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांचे आवाज फोनवरून नोंदवले गेले. मद्रासच्या आयआयटीतल्या एआयफॉरभारत या गटाने 2022 साली आकाशवाणीची बातमीपत्रं आणि त्यांचा मजकूर जुळवून 'श्रुतिलिपी' हा 12 भाषांचा, 6400 तासांहून मोठा संग्रह खुला केला. त्यात मराठी आहे. पण बातमीपत्रातली मराठी ती बातमीपत्रातली. चंदगडची बाई बाजारात भाव करताना किंवा वऱ्हाडातला म्हातारा पावसाला शिव्या देताना जे बोलतो, ते त्यात कसं सापडणार?

कॉमन व्हॉइसवर मराठी आहे. समोर आलेलं वाक्य मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने वाचलेलं ऐकून बरोबर की चूक सांगायचं, एवढंच काम. मोबाइल पुरतो. वाचताना वृत्तनिवेदकाचा आवाज काढू नका, घरी बोलता तसे बोला, आणि जमलं तर आजीलाही बसवा.