दिवेलागणीची आज्ञावली

तिन्हीसांज झाली की घरात दिवा लागला पाहिजे, ही गोष्ट आपल्याकडे कोणाला शिकवावी लागत नाही. पण घरात माणूस आहे की नाही ते पाहून, सूर्य नेमका केव्हा बुडतो त्याचे गणित करून, कोणी बटणाला हात न लावता दिवा लागावा, ही हौस मात्र नव्या काळाची. २०१३ साली पाउलस स्खाउटसन नावाच्या, मूळच्या नेदरलंड्सच्या पण तेव्हा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या तरुणाला ती जडली. फिलिप्स कंपनीने आदल्याच वर्षी 'ह्यू' नावाचे नवे दिवे बाजारात आणले होते. संगणकाकडून आलेली आज्ञा त्या दिव्यांना समजत असे. स्खाउटसनने पायथन भाषेत एक चिमुकली आज्ञावली लिहिली. घरातल्या माणसांचे फोन घरच्या राउटरला जोडलेले आहेत का, हे ती पाही. असतील तर घरात माणूस आहे असे समजे. आणि सूर्यास्ताच्या सुमारास दिवे लावी. त्याच वर्षी त्याने ही आज्ञावली सर्वांसाठी खुली करून ठेवली आणि तिला 'होम असिस्टंट', म्हणजे घरचा मदतनीस, असे साधेसुधे नाव दिले.

मी वीजमंडळात नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. दिवा, तार आणि बटण ह्यांच्या पलीकडे माझी विद्या फारशी जात नाही. पण गेल्या काही वर्षांत ह्या मदतनिसाचा इतिहास मी हौसेने वाचला, आणि मला वाटले की सणाच्या दिवसांत, घरोघर रोषणाई चालू असताना, ही गोष्ट सांगण्याजोगी आहे. कारण ती वरकरणी दिव्यांची असली, तरी खरा प्रश्न आपल्या घरावर सत्ता कोणाची, हा आहे.

'सर्वांसाठी खुली' म्हणजे काय, ते आधी सांगतो. चकलीची भाजणी बाजारात तयार मिळते; पण तिच्यात काय किती आहे ते दुकानदार सांगत नाही. उलट एखादी आजी आपले प्रमाण कागदावर लिहून दाराला लावते. ज्याला हवे त्याने उतरून घ्यावे, धने जास्त वाटले तर कमी करावे, आणि सुधारणा चांगली असेल तर आजीला येऊन सांगावी. मुक्त स्रोत म्हणतात ते हेच. फरक इतकाच की इथे आजीच्या दारात रोज शेकडो माणसे सुधारणा घेऊन उभी असतात. त्यांतली कोणती घ्यावयाची आणि कोणती गोड बोलून परत पाठवावयाची, हेच तिचे मुख्य काम होऊन बसते.

घर आपले आपण चालावे, ही कल्पना काही २०१३ ची नव्हे. अमेरिकेत पिट्सबर्ग येथे वेस्टिंगहाउस कंपनीतले इंजिनियर जिम सदरलंड ह्यांनी १९६६ च्या सुमारास, कंपनीत उरलेले सुटे भाग जमवून, आपल्या घराच्या तळघरात 'एको चार' नावाचा संगणक उभारला होता. घरातली घड्याळे, हिशेब असली कामे तो करी. तो कधी विक्रीस आला नाही. त्याहून पुष्कळ महत्त्वाची गोष्ट १९७५ साली स्कॉटलंडमधल्या ग्लेनरोथेस गावी घडली. पिको इलेक्ट्रॉनिक्स ह्या कंपनीने 'एक्स टेन' नावाची पद्धत शोधून काढली. नाव असे का, तर तो त्यांचा दहावा प्रकल्प होता! मला स्वतःला ही पद्धत फार आवडते, कारण ती तारवाल्याच्या डोक्यातून निघालेली आहे. विजेचा प्रत्यावर्ती प्रवाह दर फेरीत दोनदा शून्यावर येतो. त्या शून्याच्या क्षणी तारेत खळबळ कमी असते, आणि नेमक्या त्याच क्षणी उच्च कंपनांचा एक छोटासा ठोका तारेवर सोडावयाचा. नवी तार नको, भिंत फोडणे नको. घरात आहे तीच वीज निरोप्याचे काम करते. सोळा घरे आणि प्रत्येकी सोळा क्रमांक, असे २५६ पत्ते त्यात बसत. १९७८ पासून अमेरिकेतल्या दुकानांत ही साधने मिळू लागली. निरोप कधी पोहोचे, कधी वाटेत हरवे. पण जो जाई तो घरातल्या घरात जाई, ही तिची मोठी खूण.

पुढे इंटरनेट आले आणि ही खूण पुसली गेली. नव्या साधनांत अशी व्यवस्था झाली की आपण दिवाणखान्यात बसून फोनवर बोट ठेवावे, ती आज्ञा समुद्रापार कोणा कंपनीच्या सर्व्हरकडे जावी, तिथून परत यावी आणि चार हातांवरचा दिवा लागावा. वीजमंडळातल्या माणसाला हे ऐकून हसू येते. पण त्यातली खरी गोम २०१६ साली लोकांना कळली. अमेरिकेत 'रिव्हॉल्व्ह' नावाची सुमारे तीनशे डॉलरांची एक पेटी विकली गेली होती. निरनिराळ्या कंपन्यांची साधने एकत्र चालवणारी, आणि जन्मभर सेवा देण्याचे वचन घेऊन आलेली. २०१४ साली गूगलच्या मालकीच्या नेस्ट कंपनीने रिव्हॉल्व्ह विकत घेतली, आणि १५ मे २०१६ रोजी तिचा सर्व्हर बंद करण्यात आला. घराघरांतल्या पेट्या चांगल्या धडधाकट होत्या. पण त्या दिवसापासून त्या नुसते डबे झाल्या. 'जन्मभर' हा शब्द कोणाच्या जन्माला लावावयाचा, हे पावतीवर लिहिलेले नव्हते.

स्खाउटसनच्या प्रकल्पाचे महत्त्व ह्या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. तो एकटाच होता असे नव्हे; जर्मनीत काई क्रॉयत्सर ह्यांनी २०१० साली जावा भाषेत 'ओपनहॅब' सुरू केले होते आणि तेही आजवर चालू आहे. पण होम असिस्टंटचा आग्रह पहिल्यापासून असा की घराचा मेंदू घरातच असावा. रास्पबेरी पायसारखा हातात मावणारा छोटा संगणक कपाटावर ठेवावा आणि त्याने साऱ्या साधनांशी बोलावे. इंटरनेट गेले तरी दिवा लागला पाहिजे. आपल्याकडे पहिल्या पावसात जिथे इंटरनेट आधी जाते आणि मागाहून वीज, तिथे ह्या आग्रहाची किंमत निराळी सांगावयास नको.

प्रत्येक साधनाशी बोलण्यासाठी एक जोडणी लिहावी लागते. ती बहुधा तोच लिहितो ज्याच्या घरी ते साधन असते. कोणाकडे पाण्याचा पंप, कोणाकडे जुना पंखा, कोणाकडे कपडे धुण्याचे यंत्र. अशा जोडण्या हजाराच्या वर गेल्या. आता विचार करा, हजार जोडण्यांचे हजार लेखक, आणि मुख्य कार्यकर्त्यांच्या घरी त्यांतली बहुतेक साधने नाहीतच! मग आलेली दुरुस्ती बरोबर आहे हे ताडावयाचे कसे? म्हणून नियम झाले. जोडणीपुढे तिच्या राखणदाराचे नाव असावे. तिची परीक्षा करणाऱ्या आज्ञा सोबत असाव्यात. कंपनीशी बोलण्याचा भाग निराळ्या ग्रंथालयात ठेवावा. पुढे तर कांस्य, रौप्य, सुवर्ण आणि प्लॅटिनम अशा पायऱ्या जोडण्यांना लावण्यात आल्या. राखणदाराने ते साधन विकले, गाव बदलले, की जोडणी पोरकी होते. प्रकल्प चालवणे म्हणजे नवे लिहिणे कमी आणि अशा पोरक्यांची विचारपूस जास्त, असे माझे मत झाले आहे.

ह्याचा एक अनुभव आमच्या घरी आला. वडिलांच्या खोलीत रात्रीच्या दिव्यासाठी माझ्या पुतण्याने फोनवरून चालणारा एक प्लग बसवला होता. वडील नव्वदीचे, रात्री उठले की अंधारात बटण चाचपत. काही महिन्यांनी त्या प्लगच्या कंपनीने आपला कारभार आवरला आणि प्लग बहिरा झाला. कंपनीचे नाव घेण्यात अर्थ नाही. असल्या पुष्कळ आहेत. पुतण्याने होम असिस्टंटमधली एक जोडणी लावली, आणि प्लग पुन्हा ऐकू लागला. त्या जोडणीचा लेखक कोण, कुठला, हे आम्हास ठाऊक नाही. त्याने आपल्या घरच्या प्लगसाठी ती लिहिली असणार.

असो. लोक कृतज्ञ असतात, पण लोक रागावतातही, आणि प्रकल्प चालवणाऱ्यास दोन्हींची सवय ठेवावी लागते. पहिली काही वर्षे ह्या मदतनिसाची सारी मांडणी एका मजकुराच्या फाइलीत हाताने लिहावी लागे. 'यॅमल' नावाची ती लेखनपद्धत अशी की ओळीच्या आरंभी एक मोकळी जागा कमीजास्त झाली तरी काम अडते. जुन्या हौशी मंडळींना मात्र ती प्रिय, कारण सारे घर एका कागदावर दिसे. २०२० साली चालकांनी ठरवले की साधनांशी जोडण्या यापुढे पडद्यावरची बटणे दाबूनच करावयाच्या. मोठा गहजब झाला. 'आम्ही वाढवलेले घर आता नवशिक्यांसाठी पाडता काय?' असा त्या रागाचा सूर होता. माझा कल चालकांकडे आहे. घरात एकट्याला कळणारी यंत्रणा म्हणजे बाकीच्यांना अंधारच. तो एकटा परगावी गेला की दिवा लावण्यास शेजारी बोलवावा लागतो. पण रागावलेल्यांचेही चुकत होते असे म्हणवत नाही. विनावेतन राबलेल्या माणसाला प्रकल्प आपलाच वाटतो, आणि त्याला तसे वाटते म्हणूनच तो राबतो.

कंपन्यांशी झालेले तंटे ह्याहून कठीण. एप्रिल २०२२ मध्ये 'इन्स्टिऑन' कंपनीचे सर्व्हर ग्राहकांना न कळवता एकाएकी बंद पडले. ज्यांच्या घरी त्याच साधनांना घरच्या घरी बोलणारी जोडणी होती त्यांचे दिवे चालत राहिले. २०२३ च्या नोव्हेंबरात गॅरेजचे दरवाजे उघडणारी यंत्रे बनवणाऱ्या चेंबरलेन कंपनीने परक्या आज्ञावलींना आपला सर्व्हर बंद केला, आणि डिसेंबरात होम असिस्टंटला ती जोडणी काढून टाकावी लागली. कंपनीची बाजूही ऐकण्याजोगी आहे. असे वापरणारे ग्राहक शेकडा ०.२ इतकेच, पण सर्व्हरवरचा निम्म्याहून जास्त भार त्यांचा, असे तिने सांगितले. भाराचे दुःख मी समजू शकतो! पण दरवाजा घरात, ग्राहक घरात. मग भार सर्व्हरवर आलाच कसा? पुढच्याच जानेवारीत हायर कंपनीने एका स्वयंसेवकाला त्याची जोडणी मागे घेण्याची नोटीस धाडली. बातमी पसरताच शेकडो लोकांनी तिच्या प्रती करून ठेवल्या, आणि त्याच महिन्यात कंपनी बोलणी करण्यास तयार झाली.

आता पैशाचे. फुकटच्या वस्तूलाही कोणाचे तरी पोट लागते. २०१८ साली स्खाउटसन आणि सोबत्यांनी 'नाबू कासा' नावाची कंपनी काढली. नाबू हा प्राचीन बाबिलोनचा लेखनविद्येचा देव, आणि कासा म्हणजे स्पॅनिशमध्ये घर. बाहेरच्या भांडवलदाराचा पैसा घ्यावयाचा नाही. परगावाहून आपले घर सुरक्षितपणे पाहण्याची सोय ज्याला हवी त्याने महिन्याला थोडी वर्गणी द्यावी, आणि त्या वर्गणीतून कार्यकर्त्यांचे पगार व्हावेत, अशी ही रचना. आपल्या ग्रंथालयांना आणि गणेशमंडळांना वर्गणीचे शास्त्र चांगले अवगत आहे. इथे विशेष हा की वर्गणी न देणाऱ्याच्या घरातला एकही दिवा अडत नाही.

तरी एक शंका उरत होती. रिव्हॉल्व्हही कोणीतरी विकलीच होती. उद्या ह्या कंपनीला कोणी पोतेभर डॉलर देऊ केले तर? ह्यावर तोडगा म्हणून २० एप्रिल २०२४ रोजी स्वित्झर्लंडमध्ये 'ओपन होम फाउंडेशन' ही ना-नफा संस्था जाहीर झाली, आणि होम असिस्टंटसह २४० हून अधिक लहानमोठ्या प्रकल्पांची मालकी तिच्याकडे देण्यात आली. म्हणजे ज्याने आज्ञावली लिहिली, त्याने ती स्वतःलाही विकता येऊ नये अशी तजवीज केली. त्याच वर्षी गिटहब ह्या भांडारातल्या मुक्त प्रकल्पांत सर्वाधिक, म्हणजे एकवीस हजारांवर, लोकांनी हातभार लावलेला प्रकल्प हाच ठरला. २०२५ साली सुमारे वीस लाख घरांत तो चालत असल्याचा अंदाज संस्थेने दिला. अंदाजच म्हणावयाचा, कारण आपण होऊन कळवील त्याच घराची गणती होते. न कळवणाऱ्याच्या घरात डोकावण्याची सोय मुळातच ठेवलेली नाही.

डिसेंबर २०२० पासून दर महिन्याला एक नवी आवृत्ती निघते. पुतण्याने वडिलांच्या प्लगच्या जोडणीत सापडलेल्या एका दोषावर तीन ओळींची दुरुस्ती मध्यंतरी धाडली. चार दिवसांनी उत्तर आले. दुरुस्ती ठीक आहे, पण सोबत परीक्षा नाही. ती लिहून पाठवावी. तीन ओळींच्या दुरुस्तीसाठी चाळीस ओळींची परीक्षा लिहीत तो सध्या रात्री जागतो आहे.