आवाजाची गिरणी

तुमची मुलाखत रेडिओवर लागते, तेव्हा मधला खोकला, भांड्यांचा आवाज काढून टाकलेला असतो. हे काम आम्ही ‘ऑडॅसिटी’ या मोफत सॉफ्टवेअरवर करतो. आज त्याचा इतिहास सांगतो.

१९५७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी संगणकाकडून १७ सेकंदांचं संगीत वाजवून घेतलं. पुढच्याच वर्षी जॉन मॅकार्थी यांनी ‘लिस्प’ ही संगणकाची भाषा आखायला घेतली. ‘आधी हे कर, मग ते कर’ असं सांगत बसण्याऐवजी तिच्यात ‘हे दिलं की ते मिळतं’ असे नियम लिहिता येतात. गिरणीत ज्वारी टाकली की पीठ मिळतं, तसं. अशा पद्धतीला फंक्शनल म्हणतात.

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले रॉजर डॅननबर्ग स्वतः ट्रम्पेट वाजवतात. त्यांनी लिस्पच्या पायावर ‘नायक्विस्ट’ ही आवाजाची भाषा तयार केली. नियमाला एक आवाज द्यायचा, नवा आवाज घ्यायचा. गिरणीत ज्वारी उरत नाही. इथे मात्र मूळ आवाज तसाच राहतो. शिवाय पंगतीला लागेल तशी भाकरी तव्यावर पडावी, तसा आवाज लागेल तेवढाच तयार होतो. त्यामुळे लांबलचक आवाजालाही संगणकाची थोडी मेमरी पुरते.

याच विद्यापीठात १९९९ मध्ये विद्यार्थी डॉमिनिक मॅझोनी आणि डॅननबर्ग यांनी ऑडॅसिटीचं काम सुरू केलं. मे २००० मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. पुढे नायक्विस्टही त्यात आलं. आवाज हळूहळू विरवणं, तालाचे ठोके देणं अशी त्यातली कितीतरी कामं या भाषेत साध्या मजकुरासारखी लिहिलेली आहेत. कुणीही उघडून वाचावं, बदलावं.

२००६ साली सरकारनं स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवायची परवानगी दिली. आपल्याला बोलायला जागा मिळाली. पण बोलणं आपलं आणि यंत्राची किल्ली दुसऱ्याच्या हातात, असं किती दिवस चालायचं? ‘बायकांना मशीनमधलं काय कळतं’ हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. मशीनच्या आतही माणसांनीच लिहिलेले नियम असतात, आणि लिहिलेलं वाचता येतं.

तेव्हा गटातल्या शिकणाऱ्या मुलींना संगणकासमोर बसवा. आवाजाला ०.५ नं गुणायला सांगणारी एक ओळ लिहिली की तो निम्मा होतो. मूळ रेकॉर्डिंगची प्रत जपून ठेवा, आकडा बदला आणि ऐका.