माफीच्या साक्षीदाराची साक्ष : गांधी हत्या खटल्याचा एक अभ्यास

प्रास्ताविक

अनगोळहून टिळकवाडीत आले की काँग्रेस विहीर लागते. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनासाठी ही विहीर खोदली गेली. महात्मा गांधी राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले ते एकदाच, आणि तेही याच अधिवेशनात. त्यामुळे आमच्या भागातील विद्यार्थ्यांना गांधीजींचा विषय परका वाटत नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका तासाला एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, न्यायाधीशांनी बडगेची साक्ष खरी मानली, तर मग सावरकर सुटले कसे?” त्या दिवशी मी वेळ मारून नेली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

एखादा साक्षीदार विश्वासार्ह आहे असे आपण म्हणतो तेव्हा दोन वेगळे प्रश्न एकात मिसळतो. तो खरे बोलतो आहे काय, हा पहिला. त्याच्या बोलण्यावरून दुसऱ्या माणसाला शिक्षा देता येईल काय, हा दुसरा. गांधी हत्या खटल्यात न्यायालयाने हे दोन प्रश्न वेगळे ठेवले. हा फरक ध्यानात न घेता या निकालावर अनेक दशके वाद झाले आहेत.

खटल्याची पार्श्वभूमी

३० जानेवारी १९४८ रोजी सायंकाळी दिल्लीच्या बिर्ला भवनात नथुराम गोडसे याने गांधीजींवर गोळ्या झाडल्या. मारेकरी मुसलमान असल्याची अफवा पसरली असती तर किती घरे बेचिराख झाली असती, याची कल्पनाही करवत नाही. आकाशवाणीने मारेकरी हिंदू असल्याचे त्याच सायंकाळी स्पष्टपणे सांगितले, म्हणून तो अनर्थ टळला. मात्र पुढच्या काही दिवसांत पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत निरपराध ब्राह्मण कुटुंबांची घरे जाळली गेली. जमावाला साक्षीदार लागत नाही, उलटतपासणी लागत नाही, आडनाव पुरते. खटला उभा राहिला तो या वातावरणात.

लाल किल्ल्यात विशेष न्यायाधीश आत्माचरण यांच्यापुढे २७ मे १९४८ रोजी कामकाज सुरू झाले. सरकारतर्फे मुंबईचे अ‍ॅडव्होकेट जनरल चंद्रकिसन दफ्तरी उभे होते, तर सावरकरांच्या बचावाची धुरा पुण्याचे अण्णासाहेब भोपटकर यांनी सांभाळली. सरकारपक्षाने १४९ साक्षीदार तपासले. नथुराम गोडसे, नारायण आपटे, विष्णु करकरे, मदनलाल पाहवा, शंकर किस्तय्या, गोपाळ गोडसे, विनायक दामोदर सावरकर आणि ग्वाल्हेरचे डॉ. दत्तात्रय परचुरे असे आठ आरोपी पिंजऱ्यात होते. कामकाजाचे हिंदुस्थानी, मराठी व तेलुगू भाषांतर केले जाई. नववा माणूस पिंजऱ्यातून उठून साक्षीदाराच्या जागी गेला. तो म्हणजे दिगंबर बडगे.

साक्षीदार बडगे

बडगे पुण्यात ‘शस्त्र भांडार’ नावाचे दुकान चालवी आणि चोरून हत्यारांचा व्यापार करी. कटासाठी लागणारे हातबाँब व स्फोटके त्यानेच पुरवली होती. २० जानेवारीला बिर्ला भवनात पहिला प्रयत्न झाला, तेव्हा तो स्वतः तेथे हजर होता. ३१ जानेवारीला पुण्यात त्याला अटक झाली आणि २१ जून १९४८ रोजी त्याला माफी मिळाली. अशा माणसाला मराठीत ‘माफीचा साक्षीदार’ आणि उर्दूत ‘वादा-माफ गवाह’ म्हणतात. दोन्ही नावांतच त्याच्या साक्षीचा दोष सांगितलेला आहे : त्याला बोलण्याचा मोबदला मिळालेला असतो.

१८७२ च्या पुरावा कायद्यात याविषयी दोन तरतुदी होत्या आणि वरवर पाहता त्या एकमेकींच्या विरुद्ध वाटत. कलम १३३ सांगे की, गुन्ह्यातील साथीदार हा सक्षम साक्षीदार आहे आणि केवळ त्याच्या पुष्टिरहित साक्षीवर दिलेली शिक्षा तेवढ्यावरून बेकायदेशीर ठरत नाही. कलम ११४ मधील उदाहरण सांगे की, महत्त्वाच्या तपशिलांत दुसऱ्या पुराव्याची पुष्टी नसेल तर असा साथीदार विश्वासास पात्र नाही असे न्यायालय गृहीत धरू शकते. यातून न्यायालयांनी सावधगिरीचा नियम काढला : पुष्टी हवी, आणि ती प्रत्येक आरोपीच्या बाबतीत स्वतंत्रपणे हवी.

बडगेची साक्ष २० जुलै ते ३० जुलै १९४८ या काळात झाली. त्यातील सुमारे सात दिवस उलटतपासणीत गेले. त्याने सरळ उत्तरे दिली, प्रश्न चुकवले नाहीत, असा अभिप्राय न्यायाधीशांनी निकालपत्रात नोंदवला. पण ते या समाधानावर थांबले नाहीत. बडगेच्या हकिकतीचा एकेक दुवा त्यांनी इतर पुराव्याशी ताडून पाहिला. गोडसे व आपटे हे दिल्लीच्या मरीना हॉटेलात देशपांडे या खोट्या आडनावाने राहिले होते, हे हॉटेलच्या नोंदींतून दिसले. त्याच हॉटेलात धुण्याला दिलेल्या कपड्यांवर नथुरामच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरे सापडली. मंडळी ज्या टॅक्सीतून बिर्ला भवनाकडे गेली, तिच्या चालकाने साक्ष दिली. हॉटेलच्या नोंदवहीला किंवा टॅक्सीचालकाला कोणी माफी दिलेली नव्हती. म्हणूनच त्यांच्या पुष्टीला वजन होते.

तीन शब्द

सावरकरांविरुद्ध बडगेने सांगितलेली हकिकत थोडक्यात अशी. १४ जानेवारीला गोडसे, आपटे व तो मुंबईत शिवाजी पार्कजवळील सावरकर सदनापाशी गेले. तो बाहेर थांबला आणि इतर दोघे आत जाऊन आले. १७ जानेवारीला ते पुन्हा तेथे गेले. या वेळी बडगे तळमजल्यावरील खोलीत थांबला आणि गोडसे व आपटे वर गेले. पाचदहा मिनिटांनी ते खाली आले, त्यांच्या मागोमाग सावरकर आले आणि म्हणाले, “यशस्वी होऊन या.”

सावरकरांनी ही भेट आणि हे उद्गार दोन्ही नाकारले. असे शब्द बोलले गेले असे मानले तरी ते वृत्तपत्राच्या भागविक्रीसारख्या एखाद्या निराळ्या कामाविषयी असू शकतात, असाही त्यांचा युक्तिवाद होता.

मराठीच्या अध्यापकाने येथे थोडे थांबले पाहिजे. आपण निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. निरोप देणाराही ‘जा’ म्हणत नाही, ‘जाऊन ये’ म्हणतो. परीक्षेला, मुलाखतीला, कोर्टाच्या तारखेला निघालेल्या माणसाला घरातील वडीलधारे याच घाटाचे शब्द उंबरठ्यावर म्हणतात. या वाक्यात कार्य कोणते ते नाही. इंग्रजी दप्तरात हेच वाक्य भाषांतरित होऊन आले की त्याला एखाद्या मोहिमेच्या आज्ञेची धार चढते. मात्र शब्द रोजचे आहेत म्हणून हेतू निर्दोष होता, असेही म्हणता येत नाही. भीषण कामालाही याच शब्दांनी निरोप देता येतो. सारांश, केवळ भाषेवरून हा प्रश्न सुटत नाही. त्या आधी वरच्या मजल्यावर काय बोलणे झाले, हे कळले पाहिजे.

न्यायाधीशांनी नेमके याच जागी बोट ठेवले. वर काय संभाषण झाले याचा कोणताही पुरावा दप्तरात नाही, तेव्हा हे उद्गार हत्येच्या कटासंबंधीच होते असे मानण्यास आधार नाही, असे त्यांनी म्हटले. इतर साक्षीदारांपैकी एका अभिनेत्रीने १४ तारखेला गोडसे व आपटे यांना सावरकर सदनाजवळ सोडल्याचे सांगितले. १७ तारखेविषयी एका टॅक्सीचालकाने साक्ष दिली. पण या दोन्ही साक्षी दारापर्यंत पोहोचत होत्या, दाराच्या आत जात नव्हत्या. त्या घरात इतर मंडळीही राहत होती. परिणामी सावरकरांविरुद्धची बाजू एकट्या बडगेच्या शब्दावर उरली, आणि तेवढ्यावर निष्कर्ष काढणे सुरक्षित नाही असे न्यायालयाने ठरवले.

१० फेब्रुवारी १९४९ रोजी निकाल लागला. नथुराम व आपटे यांना फाशी, इतर पाच जणांना जन्मठेप आणि सावरकर निर्दोष. त्या सुटकेविरुद्ध सरकारने अपील केले नाही. सिमल्यास पंजाब उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींपुढे अपिले चालली आणि जून १९४९ मध्ये परचुरे व शंकर किस्तय्या यांचीही सुटका झाली. शंकर हा बडगेचाच नोकर होता. हत्यारे पुरवणारा मालक माफी मिळवून सुटला आणि त्याच्या हुकुमाचा ताबेदार जन्मठेप घेऊन बसला, हा माफीच्या पद्धतीतील अन्याय वरच्या न्यायालयात काही अंशी दूर झाला.

एका प्राध्यापकाची साक्ष

याच खटल्यात बडगेच्या अगदी उलट टोकाचा एक साक्षीदार होता. मुंबईच्या रुईया महाविद्यालयातील प्राध्यापक जगदीशचंद्र जैन हे ते साक्षीदार. निर्वासित मदनलाल पाहवा त्यांची पुस्तके विकून पोट भरत असे. जानेवारीच्या सुरुवातीस त्याने गांधीजींविरुद्धच्या कटाची गोष्ट जैन यांच्यापाशी काढली. पोळलेल्या तरुणाची बढाई समजून त्यांनी ती प्रथम फारशी मनावर घेतली नाही. २० जानेवारीच्या स्फोटात मदनलालच पकडला गेल्याचे वाचताच ते मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे धावले, आणि २१ तारखेला गृहमंत्री मोरारजी देसाई यांना त्यांनी सर्व सांगितले. मोरारजींनी त्याच रात्री ते पोलीस अधिकाऱ्याच्या कानावर घातले. पण जैन यांची रीतसर जबानी त्या वेळी घेतली गेली नाही. नऊ दिवसांनी गांधीजी गेले. २० ते ३० जानेवारी या काळातील पोलीस तपासाच्या ढिलाईबद्दल आत्माचरण यांनी निकालपत्रात स्पष्ट नाराजी नोंदवली.

या दोन साक्षीदारांकडे एकत्र पाहावे. एक चोरटा हत्यारविक्या, तर दुसरा निर्लोभ शिक्षक. न्यायालयात हत्यारविक्याची हकिकत टिकली, कारण ती पडताळली गेली. शिक्षकाची माहिती वेळेवर उपयोगी पडली नाही, कारण ती कोणी नीट लिहूनच घेतली नाही. चांगल्या माणसाचे म्हणणे आपोआप सिद्ध होत नाही आणि वाईट माणसाचे आपोआप खोटे ठरत नाही.

न्यायालय आणि आयोग

प्रश्न १९४९ मध्ये मिटला नाही. नोव्हेंबर १९६४ मध्ये पुण्यातील एका सत्यविनायक पूजेच्या प्रसंगी ग. वि. केतकर यांनी आपल्याला हत्येच्या बेताची आधी माहिती होती असे सांगितले. त्यावरून उठलेल्या वादळानंतर सरकारने आयोग नेमला. आधी गोपाळ स्वरूप पाठक आणि १९६६ पासून न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांनी ते काम पाहिले. आयोगाने १०१ साक्षीदार तपासले. सावरकरांचे अंगरक्षक आप्पा कासार व चिटणीस गजानन दामले यांनी मार्च १९४८ मध्ये पोलिसांना दिलेल्या जबान्या आयोगापुढे आल्या. गोडसे व आपटे यांनी जानेवारीत सावरकरांची भेट घेतल्याचे त्यांत होते. खटल्यात या दोघांना साक्षीसाठी बोलावलेच नव्हते. सर्व गोष्टी एकत्र पाहता सावरकर व त्यांच्या गटाने केलेल्या कटाखेरीज दुसरी उपपत्ती उरत नाही, असे १९६९ च्या अहवालात म्हटले आहे.

येथेही दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. पोलिसांपुढील जबानी ही शपथेवर दिलेली व उलटतपासणीतून गेलेली साक्ष नव्हे. सावरकर फेब्रुवारी १९६६ मध्येच निवर्तले होते, त्यामुळे त्यांचे उत्तर मिळणे शक्य नव्हते. कासार व दामले यांना १९४८ मध्येच पिंजऱ्यात उभे केले असते, तर बडगेच्या साक्षीला पुष्टी मिळाली असती किंवा ती ढासळली असती. काहीही झाले तरी निकाल अधिक भक्कम झाला असता. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटल्याच्या फेरतपासाची याचिका फेटाळताना स्पष्ट केले की, आयोगाच्या निष्कर्षाने फौजदारी न्यायालयाचा निर्णय बदलत नाही. इतिहासकार अहवालाचा विचार करू शकतो, आणि त्याने तो करावाही. पण संभाव्यतेवरून इतिहास लिहिता येतो, शिक्षा देता येत नाही.

उपसंहार

हा विषय आज जुना झालेला नाही. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या रेल्वे बाँबस्फोट खटल्यातील १२ आरोपींची सुटका केली. शंभराहून अधिक दिवसांनी पटवलेली ओळख कशी विश्वसनीय मानावी, हा त्यातील एक कळीचा मुद्दा होता. हा निकाल पूर्वोदाहरण मानू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांत सांगितले. ३१ जुलैला विशेष न्यायालयाने २००८ च्या मालेगाव स्फोटातील सातही आरोपींना सोडले. त्या खटल्यात तीसहून अधिक साक्षीदार फितूर झाले होते. दोन्ही निकालांविरुद्ध पुढे अपिले झाली. मला अधिक बोचले ते आपल्या स्टाफरूममधील चित्र. एका निकालाला न्याय म्हणणारे दहा दिवसांनी दुसऱ्याला अन्याय म्हणत होते, आणि दुसऱ्याला न्याय म्हणणाऱ्यांनी पहिल्याला अन्याय म्हटले होते. साक्ष कोणीच वाचली नव्हती. मीही वाचली नव्हती.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली आहे. त्यातील कलम १३८ मध्ये साथीदाराच्या साक्षीबरोबर पुष्टीचा उल्लेख आता कायद्याच्या शब्दांतच आला आहे. आत्माचरण यांनी सावधगिरी म्हणून जे पाळले, ते आता लेखी आहे.

उर्दूत ‘शहादत’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत : साक्ष आणि हौतात्म्य. गांधीजींची शहादत झाली, आणि तिच्या न्यायासाठी लाल किल्ल्यात महिनोन्महिने शहादत नोंदवली गेली. पहिल्या शहादतीचा शोक खरा होता, म्हणून दुसरीत कसूर करून चालणार नव्हते. त्या विद्यार्थिनीला आज मी एवढेच सांगेन : न्यायाधीशांनी बडगेवर विश्वास ठेवला, पण एकट्या त्याच्या शब्दाला एका माणसाच्या आयुष्याएवढे वजन दिले नाही. जो आपल्याला पटत नाही त्याच्याही बाबतीत हा नियम मान्य करता आला, तरच तो आपल्याला समजला असे म्हणता येईल.