गांजा : स्वयंफुली वाण, बंदिस्त लागवड आणि सोलापूर

गांजा : (लॅ. कॅनाबिस सटायव्हा, कुल – कॅनाबिनेसी). भांग, विजया या नावांनीही परिचित असलेली वर्षायू ओषधी वनस्पती. मादी झाडाच्या राळयुक्त फुलोऱ्याला गांजा, पानांना भांग आणि नुसत्या राळेला चरस म्हणतात. एकाच झाडापासून नशेचा पदार्थ, औषध, धागा आणि तेलबी मिळत असल्याने तिच्याकडे पाहण्याची समाजाची आणि कायद्याची दृष्टी काळानुसार बदलत गेली. या नोंदीत तिच्या स्वयंफुली वाणांची, दिव्यांखाली तंबूत होणाऱ्या लागवडीची आणि या दोन्हींचा सोलापूर जिल्ह्याच्या शेतीशी व कायद्याशी येणाऱ्या संबंधाची माहिती दिली आहे.

वनस्पतिवर्णन : झाड सरळ वाढणारे, साधारण १ ते ३ मी. उंच, अनुकूल जमिनीत याहूनही उंच होते. पाने हस्ताकृती संयुक्त; एका देठाच्या टोकाला ५ ते ९ अरुंद, करवती कडांच्या पर्णिका पंज्यासारख्या पसरलेल्या असतात. नर आणि मादी फुले बहुधा वेगवेगळ्या झाडांवर येतात. नर झाड किरकोळ बांध्याचे असते आणि परागकण झडल्यावर लवकर वाळते. मादी फुलोऱ्यावर भिंगातून पाहिल्यास काचेच्या टाचण्यांसारखे दिसणारे ग्रंथियुक्त केस असतात. राळ आणि नशा आणणारा टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल (टीएचसी) हा घटक प्रामुख्याने त्यांतच तयार होतो. इझ्राएलमधील राफाएल मेशुलम व येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये हा घटक शुद्ध स्वरूपात वेगळा केला.

सोलापूर–मराठवाड्याच्या शिवारात अंबाडी आणि गांजा यांत गल्लत होण्याचा संभव असतो. अंबाडीच्या काही वाणांची पाने खोल कापलेली असली, तरी पाते तळाशी अखंड असते. तिची फुले मोठी, फिकट पिवळी असून मध्यभागी गडद तांबडी असतात. गांजाच्या पर्णिका देठापर्यंत सुट्या असतात, फुलांना दिसण्याजोग्या पाकळ्या नसतात आणि पान चुरडताच उग्र वास येतो. हिरवळीच्या खतासाठी पेरला जाणारा ताग (क्रोटॅलॅरिया जुन्सिया) ही शेंगावर्गातील अगदी वेगळी वनस्पती असून तिचा गांजाशी संबंध नाही.

फुलोरा आणि दिवसाची लांबी : गांजाचे बहुतेक पारंपरिक वाण लघुदिवसी आहेत, म्हणजे रात्र पुरेशी लांबली की फुलोरा धरतात. शेवंती याच गटातली. म्हणून पॉलिहाऊसमधले शेवंती उत्पादक रात्री दिवे लावून फुले लांबवतात आणि काळे कापड ओढून लवकर आणतात. सोलापूरचे अक्षांश सुमारे १७.७° उत्तर. येथे जूनमधील सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तास १० मिनिटांचा आणि डिसेंबरमधील सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तास ५ मिनिटांचा असतो. वर्षभरात फरक जेमतेम दोन तासांचा. त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडी उगवलेले झाड दिवस आखडू लागताच आपोआप फुलोऱ्यावर येते.

उत्तर युरोप, रशिया, कॅनडा या प्रदेशांत परिस्थिती उलटी असते. तेथे उन्हाळ्यातला दिवस फार लांब असतो आणि रात्र पुरेशी वाढेपर्यंत थंडी येऊन ठेपते. अशा हवामानात टिकून राहिलेल्या रानटी प्रकाराचे वर्णन रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ द. ये. यानिशेव्हस्की यांनी १९२४ मध्ये ‘कॅनाबिस रुडेरॅलिस’ या नावाने केले. त्याआधी लिनीअस यांनी १७५३ मध्ये ‘सटायव्हा’ आणि लामार्क यांनी १७८५ मध्ये भारतीय नमुन्यांवरून ‘इंडिका’ ही नावे दिली होती. आज अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ या तिन्ही एकाच जातीच्या उपशाखा मानतात.

स्वयंफुली वाण : रुडेरॅलिस प्रकारात फुलोरा दिवसाच्या लांबीवर नव्हे, तर झाडाच्या वयावर ठरतो. हा गुण अप्रभावी आहे. म्हणून पहिल्या संकरित पिढीत तो झाकला जातो आणि पुढील पिढ्यांत निवड करून स्थिर करावा लागतो. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘लोरायडर’ हा बुटका वाण पाश्चात्त्य बाजारात आला आणि तेव्हापासून स्वयंफुली वाणांचा प्रसार झाला. ही झाडे उगवणीनंतर तीन ते पाच आठवड्यांत फुलोरा धरतात आणि बहुतेकांचा जीवनक्रम आठ ते बारा आठवड्यांत पुरा होतो.

बंदिस्त लागवड आणि वळण : जेथे कायद्याने घरगुती लागवडीला मुभा आहे, अशा काही देशांत ही झाडे आतून चकचकीत अस्तर असलेल्या कापडी तंबूत, एलईडी दिव्यांखाली वाढवली जातात. हवा खेळती ठेवण्यासाठी पंखा आणि वास अडवण्यासाठी कोळशाची गाळणी असते. तंबूची उंची मर्यादित आणि प्रकाश वरूनच येणारा असल्याने झाड आडवे पसरावे, असे वळण त्याला दिले जाते.

वळणामागचे वनस्पतिशास्त्र मराठी शेतकऱ्याला नवे नाही. शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन हे संप्रेरक खालच्या डोळ्यांची वाढ रोखून धरते, याला अग्रप्रभुत्व म्हणतात. तुरीचे शेंडे खुडले की बगलफांद्या फुटतात, त्या याच कारणाने. गांजाच्या बाबतीत दोन पद्धती रूढ आहेत. एक, शेंडा खुडणे. दोन, खोड न तोडता हळूहळू वाकवून बांधणे. लघुदिवसी झाडाला खुडणीनंतर सावरायला हवा तेवढा वेळ देता येतो, कारण दिवे जास्त तास चालू ठेवले की त्याचा फुलोरा लांबतो. स्वयंफुली झाडाचे घड्याळ कोणासाठी थांबत नाही. खुडणीच्या धक्क्यात गेलेले दिवस भरून निघत नाहीत, त्यामुळे त्याला कापण्यापेक्षा वाकवण्याचीच पद्धत पसंत केली जाते. वळण नियंत्रित करण्याचे हेच तत्त्व सोलापूर जिल्ह्यात द्राक्षाच्या मांडवावर आणि डाळिंबाच्या छाटणीत रोज वापरले जाते. तेथे ते कायदेशीर आणि पिढ्यान्‌पिढ्या कसोटीला उतरलेले आहे.

सोलापूरच्या हवामानात तंबूला शेतीशास्त्रीय प्रयोजन नाही. सूर्यप्रकाश मुबलक आहे, थंडीचा अडसर नाही आणि मे महिन्यात पारा ४२ ते ४४ अंश सेल्सिअसवर जात असताना दिव्यांच्या बंद तंबूत त्यात आणखी भर पडते. विजेचा खर्चही मोठा. तंबू आणि स्वयंफुली वाण ही लांब दिवसांच्या, थंड देशांची गरज आहे. भारतात त्यांचा उपयोग लपवण्यापलीकडे उरत नाही. महाराष्ट्रात आणि गोव्यात भाड्याच्या घरांत दिव्यांखाली गांजा वाढवल्याची प्रकरणे उघडकीस आली आहेत. थायलंडने ९ जून २०२२ रोजी गांजाची झाडे अंमली पदार्थांच्या यादीतून वगळल्यानंतर तेथून आणलेला ‘हायड्रोपोनिक’ (मातीविना वाढवलेला) गांजा मुंबई विमानतळावर वारंवार पकडला गेला आहे.

इतिहास : महाराष्ट्रात गांजाची परवानाधारक शेती होती. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातील गांजाचे मुख्य उत्पादन अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात होत असे. पिकातील नर झाडे ओळखून वेळीच उपटली जात, कारण मादी फुलोऱ्यात बी धरले की मालाचा कस उतरे. तोडलेला फुलोरा पायांनी तुडवून चपटा केला जाई. या व्यवहाराची सर्वांत तपशीलवार नोंद भारतीय भांग-गांजा आयोगाच्या अहवालात (१८९३–९४) आढळते. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने अकराशेहून अधिक साक्षी नोंदवल्या. माफक सेवनाने सर्वसाधारणपणे गंभीर हानी होत नाही, मात्र अतिसेवन घातक आहे, असे सांगून त्याने सरसकट बंदीऐवजी कर आणि परवाने यांची शिफारस केली.

स्वातंत्र्यानंतर धोरण बदलले. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ मध्ये गांजाबरोबर भांगेचाही मादक द्रव्यांत समावेश झाला. त्यामुळे उत्तरेतील काही राज्यांप्रमाणे भांगेची सरकारमान्य दुकाने महाराष्ट्रात रूढ झाली नाहीत. अंमली पदार्थांविषयीच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर भारताने गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ (एनडीपीएस) केला. तो १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमलात आला.

कायद्याची स्थिती : एनडीपीएस कायद्यानुसार गांजा म्हणजे झाडाचे फुलोरा वा फळे असलेले शेंडे. शेंड्यांसोबत नसतील तर बी आणि पाने या व्याख्येत येत नाहीत. ऑगस्ट २०२२ मध्ये एका जामीन अर्जावर निर्णय देताना मुंबई उच्च न्यायालयाने हा भेद स्पष्टपणे मांडला. लागवडीबाबत मात्र अशी सवलत नाही. कलम २० नुसार परवान्याशिवाय गांजाचे कोणतेही झाड लावल्यास १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शेतात, कुंडीत किंवा तंबूत असा फरक कायदा करत नाही. झाड स्वयंफुली आहे की नाही, हेही तो पाहत नाही. बाळगण्याच्या गुन्ह्यात १ किलोपर्यंतचे प्रमाण अल्प आणि २० किलोंपेक्षा जास्त प्रमाण व्यापारी मानले जाते. व्यापारी प्रमाणासाठी किमान शिक्षा १० वर्षांची आहे. आपल्या जमिनीत बेकायदा लागवड असल्याचे माहीत असल्यास कलम ४६ अन्वये जमीनधारकाने ती कळवणे बंधनकारक आहे. जमीन वाट्याने किंवा खंडाने देणाऱ्या शेतकऱ्याने हे कलम विशेष ध्यानात ठेवावे. झाड आपोआप उगवले की मुद्दाम लावले, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर असते, हे सर्वोच्च न्यायालयाने अलखराम विरुद्ध उत्तर प्रदेश या खटल्यात अधोरेखित केले.

सोलापूरचा प्रश्न : हैदराबाद–पुणे महामार्ग सोलापुरातून जातो. आंध्र–ओडिशा सीमेवरील डोंगराळ भागात पिकणारा गांजा पश्चिमेकडे नेण्याचा हा एक मार्ग असल्याने येथील पोलीस कारवायांचा मोठा भाग वाहतुकीशी निगडित असतो. ऊस, तूर, मका यांच्या दाट पिकात आडोशाने लावलेली झाडे सापडणे, हा दुसरा भाग.

या प्रश्नाचा तिसरा भाग गुन्हेगारीचा नाही आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे रीतसर अर्ज करून दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी मागितली. कोणत्याही पिकाला हमखास भाव नाही, उत्पादनखर्चही निघत नाही, कारखान्याला घातलेल्या उसाचे पैसे वेळेवर मिळत नाहीत, गांजाला मात्र भाव आहे, असे त्याचे म्हणणे होते. १५ सप्टेंबरपर्यंत उत्तर न आल्यास परवानगी गृहीत धरून लागवड करू, असेही त्याने कळवले. पोलिसांनी हा प्रसिद्धीचा प्रकार ठरवला. हेतू काहीही असो, अर्जातील व्यथा खरी आहे. कांद्याचे भाव पडल्यावर, डाळिंबावर तेल्या आल्यावर आणि उसाचे बिल रखडल्यावर जो हिशेब घराघरांत मांडला जातो, तोच त्याने सरकारी कागदावर मांडला होता. गांजाचा चढा भाव मात्र बंदीमुळे निर्माण झालेला आहे. तो शेतकऱ्याच्या कष्टाचा मोबदला नसून दलालाच्या जोखमीचा मोबदला आहे आणि तुरुंगात जायची वेळ येते तेव्हा सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचेच असते.

वैध मार्ग : कलम १० अन्वये राज्य सरकारला लागवडीचे नियमन करून परवाने देता येतात. कलम १४ अन्वये शासन धागा, बी किंवा उद्यानविद्येसाठी लागवडीस मुभा देऊ शकते. उत्तराखंडने याच तरतुदींच्या आधारे २०१८ पासून ०.३ टक्क्यांपेक्षा कमी टीएचसी असलेल्या औद्योगिक भांगेचे परवाने देण्यास सुरुवात केली. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये भांगेचे बी व त्याचे तेल यांना अन्न म्हणून मान्यता दिली. २०१३ मध्ये स्थापन झालेली मुंबईची बॉम्बे हेम्प कंपनी या क्षेत्रात काम करते, तर जम्मू येथील सीएसआयआरच्या आयआयआयएम संस्थेत औषधी उपयोगांवर संशोधन चालते. आयुर्वेदात विजयेचा वापर परवानाधारक औषधांपुरता चालू आहे. झाडातील नशारहित घटक कॅनाबिडिऑल याला अमेरिकेत २०१८ मध्ये अपस्माराच्या काही दुर्मिळ प्रकारांवरील औषध म्हणून मान्यता मिळाली.

आरोग्य : टीएचसीचे प्रमाण जास्त असलेल्या आधुनिक वाणांचे नियमित सेवन कुमारवयात सुरू झाल्यास स्मृती, एकाग्रता आणि मानसिक आरोग्य यांवर विपरीत परिणाम होतात, मनोविकाराची प्रवृत्ती असलेल्यांत धोका अधिक असतो. व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने उपचारांना तयार असल्यास अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात कलम ६४ अ अन्वये खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदतक्रमांक १४४४६, तर अंमली पदार्थांविषयीची माहिती देण्यासाठी १९३३ हा क्रमांक आहे.

मूल्यमापन : सोलापूरच्या शेतकऱ्याकडे झाडाला वळण देण्याचे आणि बहार हवा तेव्हा धरण्याचे कौशल्य कमी नाही, कमी आहे ती भावाची हमी. राज्याने कलम १० खालील अधिकार वापरून कमी टीएचसी असलेल्या भांगेचे नियंत्रित प्रयोग कृषी विद्यापीठांच्या देखरेखीखाली घेऊन पाहावेत, ही मागणी रास्त आहे. तोवर परवान्याविना लावलेले एकही झाड, मग ते उसाच्या सरीत असो वा खोलीतल्या तंबूत, दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेला पात्र गुन्हा ठरते.